सोबती क्रमांक दोन

निशिकांत वाळवेकरांनी बायकोचं ऑपरेशन एखाद्या जलवाहिनीच्या कामासारखं हातात घेतलं होतं. माणूस चौतीस वर्षं महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात काढलेला. कृष्णेच्या काठावरच्या, नदीचं पाणी उपसणाऱ्या जॅकवेलपासून शहरातल्या शेवटच्या नळापर्यंतचा नकाशा डोक्यात असलेला. २०४१च्या जानेवारीत हेमांगीच्या मोठ्या आतड्यात, डाव्या बाजूला खाली, कर्करोगाची गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजवर तक्ता लावला.

सर्जन डॉक्टर हुद्दार बाईंनी ऑपरेशनच्या आधी सहा आठवडे दिले होते. तेवढ्या दिवसांत हेमांगीला सशक्त करायचं होतं. रक्तात लोह वाढवायचं, रोज ठरलेली प्रथिनं पोटात जायला हवीत, पाच हजार पावलं चालायचं, तीन छोट्या चेंडूंच्या यंत्राने श्वास खोल ओढायचा सराव करायचा. वाळवेकर पहाटे उठून अंडी उकडत, दहा वाजता सातूचं पीठ कालवून देत आणि संध्याकाळी विश्रामबागेतल्या बागेला तिच्याबरोबर सात फेऱ्या मारत.

"झोप लागली?" सकाळी पहिला प्रश्न हा.

"लागली."

"किती तास?"

"सहा."

ते तक्त्यात सहा लिहीत. ती तीन तासच झोपली होती, हे त्यांना कळायला बराच काळ जायचा होता.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर हुद्दारांनी दोघांना मिरजेला बोलावून सगळं समजावलं. कागदावर त्यांनी एक वाकडी नळी काढली आणि मधला तुकडा खोडून टाकला.

"गाठ काढणं आता अवघड राहिलेलं नाही. यंत्राचे हात ते माझ्यापेक्षा सफाईने करतात. अवघड आहे तो जोड. गाठीचा भाग कापला की आतड्याची दोन टोकं उरतात. ती एकमेकांना शिवायची. जोडाने नीट धरलं तर आठ दिवसांत घरी. नाही धरलं तर आतली घाण पोटात पसरते, पू होतो, माणसाच्या जिवावर बेततं. पूर्वी शंभरातल्या सात-आठ जणांचा जोड गळायचा, आणि आम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असायचा."

"गळती कशाने लागते? प्रेशरने?" वाळवेकरांनी विचारलं.

"पाइप असता तर प्रेशरने. आतडं जिवंत आहे. त्याला जोडापर्यंत पुरेसं रक्त मिळालं तर ते स्वतःच भरून येतं. चौथ्या ते सातव्या दिवसात टाके सैल पडतात आणि नवं मांस पुरतं धरलेलं नसतं. ते चार दिवस राखायचे."

मग त्यांनी टेबलावर काचेची एक डबी ठेवली. आत केसाहून बारीक, करड्या रंगाचा दोरा होता. जोडाचे काही टाके या दोऱ्याने घालायचे. दोऱ्यात विणलेले सूक्ष्म संवेदक जोडापाशी रक्त किती पोचतंय, प्राणवायू किती आहे, आम्लता वाढतेय का, हे मोजत राहणार आणि पोटावर चिकटवलेल्या चकतीला कळवणार. चकतीकडून ते भिंतीवरच्या पट्टीवर एका आकड्यात दिसणार. साठच्या वर असेल तर उत्तम. चाळीसच्या खाली गेला तर धोका. तीन महिन्यांत दोरा आपोआप विरघळतो. या यंत्रणेला कंपनीने काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण वॉर्डातल्या सिस्टर तिला जागल्या, म्हणजे रात्रीचा राखणदार, म्हणत आणि डॉक्टरही आता तेच म्हणत.

"आणि आकडा पडला तर?"

"तर तो कशाने चढतो हे जागल्याच शोधून काढतो. कुशीवर वळवल्याने, सलाइन वाढवल्याने, दुखणं कमी केल्याने. खोलीतला उजेड, आवाज, माणसं, सगळ्याची तो नोंद ठेवतो. जिवाला घोर लागला की शरीर सगळ्यात आधी आतड्याचं रक्त आखडून घेतं. पोटात गोळा आला म्हणतो ना आपण, तो हाच."

हेमांगी इतका वेळ दोऱ्याकडे बघत होती. सत्तावीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली बाई. ती म्हणाली, "म्हणजे मला किती भीती वाटते ते भिंतीवर दिसणार."

"असं नाही अगदी," डॉक्टर म्हणाल्या.

ऑपरेशन सोमवारी झालं आणि चांगलं झालं. बुधवारी वाळवेकर सकाळी सातपासून खुर्चीत होते. पट्टीवर एकोणपन्नास होते. मग बावन्न झाले, पुन्हा सत्तेचाळीस. ते हेमांगीकडे कमी आणि भिंतीकडे जास्त बघत होते.

"दुखतंय का?"

"नाही."

"च्युइंगगम चघळलंस? आतडं जागं व्हायला ते लागतं, डॉक्टर म्हणाल्यात."

"चघळलं." आयुष्यभर ज्यासाठी पोरींना वर्गाबाहेर उभं केलं तेच चघळायची वेळ तिच्यावर आली होती. पण त्यावर ती हसली नाही.

चार वाजता रूथ सातपुते आली. हेमांगीच्या शाळेत ती प्रयोगशाळा सहायक होती. उंच, जाड भिंगांचा चष्मा, आवाज असा की व्हरांड्याच्या टोकापासून ती आल्याचं कळावं. लग्न केलेलं नव्हतं, वानलेसवाडीत एकटी राहत होती. खोलीत एकाच माणसाला परवानगी असल्यामुळे वाळवेकर चहाला गेले. चाळीस मिनिटांनी परत आले तेव्हा भिंतीवर एकाहत्तर होते. त्यांनी खिशातली वही काढून लिहिलं, 'दुपारी ४.४०, ७१. नव्या सलाइनचा परिणाम.'

गुरुवारी सकाळी डॉक्टर हुद्दारांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. त्यावर तीन ओळी होत्या.

"जागल्याला नावं माहीत नसतात. आवाजावरून तो माणसं वेगळी करतो. सोबती क्रमांक एक, सोबती क्रमांक दोन."

"एक म्हणजे मी."

"हो. तुम्ही असताना सरासरी अठ्ठेचाळीस. दोन क्रमांक असताना एकाहत्तर. खोलीत कुणीच नसताना पंचावन्न."

वाळवेकरांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. कुणीच नसताना पंचावन्न. त्यांच्या असण्यापेक्षा रिकामी खुर्ची बरी होती.

"मी काय करतो तिला?"

"तुम्ही काहीच वाईट करत नाही. जागल्या प्रेम मोजत नाही, वाळवेकर. तो रक्त मोजतो. त्याचा अर्थ लावत बसू नका." त्यांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. "उद्या चौथा दिवस. उद्यापासून चार दिवस त्या बाईंना जास्तीत जास्त वेळ बसवा. तुम्ही थोडा वेळ येऊन जा. सोबत कुणाची हे आम्ही घरच्यांवर सोपवतो, म्हणून तुम्हाला सांगतेय. पण औषधाइतकंच मनावर घ्या."

त्या दुपारी रूथ आली तेव्हा वाळवेकर चहाला गेले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसले. दाराशेजारी भिंतीत आकड्याची एक छोटी पट्टी होती आणि दार जरा किलकिलं राहिलं होतं. रूथ काही विशेष बोलत नव्हती. मुख्याध्यापिका बाईंनी केस काळे केलेत आणि ते कानावर उतरलेत. शेजारणीच्या मांजरीने कपाटात पिल्लं घातलीत. मग हेमांगीचा आवाज आला, लांबट, खालून ओढून काढल्यासारखा. ती कण्हत होती.

"आई गं. मेले गं रूथ."

"कण्ह. मोठ्याने कण्ह. इथे कोण परीक्षक बसलाय?"

हेमांगी पुन्हा कण्हली आणि मग हसली, आणि हसल्यामुळे टाक्यांना ओढ बसून पुन्हा कण्हली. बाहेरच्या पट्टीवर चौऱ्याहत्तरचे शहात्तर झाले.

दर तासाला वाळवेकरांनी विचारलं होतं दुखतंय का, आणि दर तासाला ती नाही म्हणाली होती. तिचं दुखणंसुद्धा तिने दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलं होतं. त्यांना शनिवार आठवले. शाळा अर्धा दिवस असायची आणि हेमांगी रूथकडे जाऊन पाच वाजता घरी यायची. बावीस वर्षं. तिथे काय बोलता, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बायकांचं काहीतरी असेल, असं ते धरून चालले होते. मूल झालं नाही तेव्हा लोक कीव करायचे, त्यांना ते म्हणायचे, आम्ही दोघं एकमेकांना पुरे आहोत. आता त्या वाक्यातला 'आम्ही' कोण, हेच त्यांना कळेना. परीक्षानळ्या धुणारी बाई, असं एक वाक्य त्यांच्या मनात आलं. आल्याबरोबर त्यांना त्याची लाज वाटली, पण ते गेलं नाही.

संध्याकाळी निघताना रूथने विचारलं, "भाऊजी, उद्या किती वाजता येऊ?"

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. ते म्हणाले, "उद्या-परवा नका येऊ. भेटी बंद केल्यात. जंतुसंसर्गाचं काहीतरी आहे. उघडल्या की मी कळवतो."

"बरं." तिचा चेहरा पडला. "तिला सांगा हं, मी येणार होते म्हणून."

"सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी ते इस्त्रीचा आकाशी शर्ट घालून आले. एकही प्रश्न विचारायचा नाही, असं ठरवून आले होते. रूथला जमतं ते आपल्याला का जमू नये? त्यांनी कॉलनीतल्या गमती सांगायला सुरुवात केली. समोरच्या पाटलांनी गाडीचं चार्जिंग चुकून देवघराच्या लाइनवर घेतलं आणि आरतीच्या वेळी अंधार झाला. हेमांगी हसली. पाहुण्यांकडे गेल्यावर हसतात तशी. पट्टीवर सत्तेचाळीस होते.

"रूथ नाही आली?"

"तिला सर्दी झालीय. मीच म्हटलं, बरं वाटल्यावर या."

चव्वेचाळीस.

दुपारी सिस्टर प्रणोती सलाइन बदलायला आली. "काका, त्या मावशी यायच्या होत्या ना?"

"येतील संध्याकाळी," ते म्हणाले. एका खोट्याला जोडून दुसरं सांगताना आवाज अजिबात हलत नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

शनिवारी सकाळी एक्केचाळीस झाले. आता वाळवेकर घाबरले. तरी त्यांच्या डोक्यात रूथला फोन करायचं आलं नाही, आली ती एक युक्ती. जागल्याला आवाज कळतो. हेमांगीच्या कानालाही आवाजच हवा असेल. हेमांगीचा फोन त्यांच्याकडेच होता. त्यात रूथचे आवाजी निरोप असणार.

ती डोळे मिटून पडली होती. त्यांनी फोन उशीजवळ ठेवला आणि हळू आवाजात एक निरोप लावला. रूथ कुठल्यातरी लोणच्याबद्दल सांगत होती. पट्टीवर एक्केचाळीसचे त्रेचाळीस झाले. पुढच्याला सेहेचाळीस. वाळवेकर खुर्चीच्या कडेवर आले. जमलं होतं. बाई नको, नुसता आवाज पुरे. ते एकामागून एक मागचे निरोप लावत गेले आणि नाताळच्या आदल्या आठवड्यातला एक सुरू झाला.

"हेमा, दिवाळीपासून रक्त जातंय म्हणतेस आणि भाऊजींना अजून सांगितलं नाहीस. ते लगेच तक्ता करतील म्हणून ना? करू देत की. सोमवारी तू डॉक्टरकडे गेली नाहीस, तर मी स्वतः येऊन त्यांना सांगणार. मग बोलू नकोस माझ्याशी जन्मभर."

वाळवेकरांनी फोन बंद केला. मान वर केली तर हेमांगीचे डोळे उघडे होते.

"ते कुठून लावलंत?"

"दिवाळीपासून," ते म्हणाले. "तू मला जानेवारीत सांगितलंस. काल-परवाच दिसलं म्हणालीस."

ती छताकडे बघत राहिली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते हातात घेतलं असतं. मला थोडे दिवस ते माझं माझ्यापाशी ठेवायचं होतं."

"रूथला सांगितलंस."

"रूथने ते माझ्यापाशीच ठेवलं." मग तिने मान वळवली. "तिला खरंच सर्दी झालीय?"

त्यांनी फोन खिशात घातला. पट्टी पिवळी झाली, मग लाल. अडतीस. छत्तीस. सिस्टर प्रणोती धावत आली, मागोमाग डॉक्टर. हेमांगीला ताप भरला होता आणि जोडापाशी आम्लताही वाढायला लागली होती.

डॉक्टर हुद्दारांनी वाळवेकरांना बाहेर घेतलं. "चार वाजेपर्यंत बघते. चढला नाही तर पोट पुन्हा उघडावं लागेल. जोड सुटलेला असेल तर आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावायला लागेल. त्या बाई कुठे आहेत? दोन दिवसांत दोन क्रमांकाची एकही नोंद नाही. मघाशी थोडं काहीतरी दाखवलं, पण तो फोनवरचा आवाज होता."

"मी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. भेटी बंद आहेत असं खोटंच सांगितलं."

डॉक्टरांच्या ओठांवर बरंच काही आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "मग आता जाऊन घेऊन या."

रिक्षाने वानलेसवाडीला पोचायला वीस मिनिटं लागली. रूथ जेवायला बसली होती. वाळवेकर दारातच उभे राहिले आणि चप्पलही न काढता सगळं सांगून मोकळे झाले. भेटी बंद नव्हत्या. तुम्ही असलात की तिचं रक्त चढतं, माझ्यामुळे पडतं. मला ते बघवलं नाही.

रूथने घास ताटात ठेवला.

"पोट तिचं कापलं, भाऊजी, आणि दुखतंय तुमचं."

ती उठली, हात धुतला, ताट तसंच झाकून ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या. रिक्षात ती बाहेर बघत बसली. रेल्वे पूल ओलांडल्यावर, त्यांच्याकडे न बघताच, म्हणाली, "रागवायचंय मला तुमच्यावर, पण आत्ता सवड नाही. एक सांगते मात्र. मला तुमचा किती हेवा वाटायचा माहितीय? शनिवारी पावणेपाच झाले की ती घड्याळ बघायला लागायची. बोलणं अर्ध्यावर असलं तरी. चहा कपात असला तरी. तुमची घरी यायची वेळ झाली म्हणून उठायची. बावीस वर्षं पाठमोरी बघितलीय मी तिला."

आपला असा कोणी हेवा करत असेल, आणि तोही बायकोवरून, हे वाळवेकरांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

रूथ आत गेली. ते बाकावर बसले. दार या वेळी घट्ट लावलेलं होतं, त्यामुळे ऐकू काहीच आलं नाही. पट्टीवर बराच वेळ छत्तीस होते. मग एकोणचाळीस. तीन वाजता सेहेचाळीस. चार वाजता अठ्ठावन्न, आणि पट्टीचा लाल रंग गेला. आम्लताही उतरली. पण ताप होता, म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीतून आत रंग सोडून तपासलं. जोडाच्या एका कडेला मोहरीएवढी गळती सुरू झाली होती. पोट उघडावं लागलं नाही. दुर्बिणीतूनच ते भोक बुजवलं, आत औषधाचा स्पंज बसवला, आणि पिशवीची वेळ टळली. हेमांगीचा मुक्काम मात्र अकरा दिवसांनी वाढला.

"माझ्यामुळे झालं का?" वाळवेकरांनी डॉक्टरांना विचारलं.

"नाही सांगता येणार. दोन दिवस आकडा वर राहिला असता तरी कदाचित गळलंच असतं. कदाचित नसतंही. जे घडलं ते जागल्या सांगतो. जे घडलं नाही ते नाही सांगत." त्या दाराशी जाऊन थांबल्या. "तुमची सुटका होईल असं उत्तर माझ्यापाशी नाही. असतं तर दिलं असतं."

सोमवारी हेमांगीचा ताप उतरला. वाळवेकर आत गेले. रूथ उठून जायला लागली तेव्हा ते म्हणाले, "बसा तुम्ही. दोघांना परवानगी मागून घेतलीय मी." आणि त्यांनी हेमांगीला सगळं सांगितलं. सर्दी नव्हती, भेटी बंद नव्हत्या, डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं आणि तरी त्यांनी केलं.

हेमांगीने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग लग्नाला तेहेतीस वर्षं झाल्यानंतर तिने पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला.

"म्हणजे तुम्ही माझ्या पोटाशी खेळत होतात. तुमच्या मनाला लागलं म्हणून. दुखतंय का विचारता, आणि हो म्हटलं तर तुमचा चेहरा कसा होतो ते मला बघावं लागतं. मग मी नाही म्हणते. सहा तास झोपले म्हणते. सहा आठवडे मी तुमच्यासाठी बरी असल्याचं सोंग करत होते. दमले हो मी त्याने."

वाळवेकरांची नजर सवयीने भिंतीकडे गेली. ती अशी संतापलीय, आता आकडा कोसळणार, असं त्यांना वाटलं होतं. तिथे एकसष्ट होते आणि एकसष्टच राहिले.

"भिंतीकडे बघू नका," हेमांगी म्हणाली. "माझ्याकडे बघा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. गाल बसलेले, ओठ सुकलेले, केस विस्कटलेले. ती चांगलीच आजारी दिसत होती. हे त्यांना आत्ता दिसत होतं.

"तीन दिवस येऊ नका," ती म्हणाली. "मला रागवून घेऊ दे."

ते तीन दिवस गेले नाहीत. फ्रिजवरचा तक्ता मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी काढला. चिकटपट्टीचे डाग खरवडून काढायला अर्धा तास लागला.

मार्चमध्ये हेमांगी घरी आली. रूथ रोज दहा वाजता येई आणि संध्याकाळी जाई. वाळवेकर स्वयंपाक करत, कपडे वाळत घालत आणि बहुतेक वेळ बाहेरच्या खोलीत बसत. त्यांचा मत्सर बरा झाला, असं म्हणता येणार नाही. आतून दोघींचं हसू आलं की ते अजूनही भांड्यांवर नळ जरा मोठा सोडत. रूथ बाजारात गेली की त्या वेळेत हेमांगीशी काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवत आणि ऐनवेळी त्यातलं निम्मं विसरून जात. पण दुखतंय का, हे विचारणं त्यांनी सोडलं होतं. कधी ती त्यांच्यादेखत कळ आली म्हणून ओठ चावून कण्हत बसे. तेव्हा त्यांचे हात वहीसाठी वळवळत. ते हात मांडीखाली घालून बसत.

मे महिन्यात दोरा पुरता विरघळला. शेवटच्या तपासणीत चकतीवर काहीच उमटेना, तेव्हा सिस्टर प्रणोतीने ती सोलून काढली. हेमांगीच्या पोटावर एक गोल, फिकट डाग राहिला.

त्यानंतरच्या आठवड्यातल्या एका सकाळी वाळवेकर गॅलरीत पेपर वाचत होते. हेमांगी आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"ऐका ना. आज थोडं रक्त दिसलं."

किती, कुठल्या रंगाचं, कधीपासून, असे पाच प्रश्न त्यांच्या जिभेवर आले. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"भीती वाटतेय?"

"खूप." ती येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिने आपणहून हात पुढे केला. वाळवेकरांनी तो हातात घेतला. मग त्यांनी, विचारू नये असं वाटत असतानाही, विचारलं, "रूथला सांगितलंस?"

"नाही अजून. आत्ताच तर दिसलं. तुम्हालाच सांगतेय."

आणि वाळवेकरांना आनंद झाला. बायको भीतीने गार पडलेली, बातमी ही अशी, आणि त्यांना आनंद झाला. त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी मान फिरवली. पण तो खराच होता.

दोघं रिक्षाने मिरजेला गेले. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला हेमांगी त्यांच्या दंडाला घट्ट धरत होती. डॉक्टर हुद्दारांनी दुर्बिणीने तपासलं. जोड गुळगुळीत भरून आला होता, गाठीचा मागमूस नव्हता. रक्त आलं होतं ते मलावरोधाने पडलेल्या एका छोट्या चिरेतून. मलम, भरपूर पाणी, आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या, एवढंच.

"रूथला फोन करा आधी," कपडे नीट करता करता हेमांगी आतून म्हणाली. "आपण न सांगता आलो म्हणून भांडेल ती."

"करतो."

वाळवेकर फोन हातात घेऊन व्हरांड्यात आले. खालच्या काउंटरवर जाऊन त्यांनी मलम घेतलं. मग चहा घेतला आणि बाकावर बसून सावकाश, फुंकून फुंकून प्यायला. कप रिकामा झाल्यावर काही वेळ तो तसाच हातात धरला. मग त्यांनी रूथचा नंबर लावला. सकाळपासून तोवर तीन तास होऊन गेले होते, आणि तेवढा वेळ ती बातमी हेमांगीची आणि त्यांची, दोघांचीच होती.